फूट-इंच

एकतीस वर्षं मी नदीची उंची लिहिली.
पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे,
हातात बॅटरी, कानामागं शिसपेन्सिल,
पुराच्या दिवसांत तासातासाला.
रात्री तीनला फोन वाजायचा : "कोरवी, किती?"
अडतीस फूट चार इंच.
कलेक्टर विचारो, गवळी विचारो,
हळदीच्या पेठेतला हमाल विचारो,
चार इंच म्हणजे चारच इंच.
नदीनं माझ्यापासून कधी काही झाकलं नाही.

आता घाटावर निळा पत्रा आलाय.
माणसापेक्षा उंच, पार स्मशानाच्या वळणापर्यंत.
पत्र्यावर चित्र : कारंजं, फुगे, गोरी गोरी पोरं,
आणि अशी एक नदी
जिला कुठलाच नाला येऊन मिळत नाही.
शिवलिंग आंब्याची नाव उचलून
हिरवळीवर मांडलीय, आत झेंडू लावलाय.
तो रोज येतो, झेंडूला पाणी घालतो.
त्याला त्याचे पगारी पैसे मिळतात म्हणे,
किती, ते तोही सांगत नाही.

बोर्ड आहे. कामाचं नाव आहे.
रकमेच्या ओळीवर
भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
वाढदिवस होऊन सात महिने झाले.

मी दहा रुपयांचा स्टँप चिकटवून विचारलं :
भराव किती फूट?
निविदा एकच कशी आली?
निळी पूररेषा नकाशात सरकली,
ती कुणी सरकवली, कुठल्या तारखेला?

तीस दिवस. त्यावर आणखी बावीस.
मग पाकीट :
"सदर नस्तीतील पृष्ठ क्र. ४१ ते ६३
दि. १९ ऑगस्ट रोजीच्या पुरात भिजून नष्ट झाल्याने
माहिती उपलब्ध करून देता येत नाही."

रिटायर झालो तरी सवय गेली नाही.
संध्याकाळी पुलावर जातो, वहीत लिहितो.
एकोणीस ऑगस्ट काढली :
अकरा फूट नऊ इंच. आभाळ मोकळं.
धुणं धुणाऱ्या सात बायका.
पलीकडच्या मळीवर मगर, जबडा उघडा टाकून.

ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर.
म्हणजे त्या दिवशी नदी
कुणाच्या अंगणात न शिरता,
एकाही दुकानाची पायरी ओली न करता
एकटीच जिना चढून गेली,
चपला दाराशी काढल्या,
कपाट उघडलं,
बरोबर तेवीस पानं भिजवली
आणि कपाट लावून खाली आली.
कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात लोक.
मी पाण्याचाच माणूस.
इतकं नेमकं मुरणारं पाणी
मी उभ्या नोकरीत बघितलं नाही.

अपिलाला उगारे मॅडम होत्या.
बाई वाईट नाहीत. चहा सांगितला.
वही चाळली, मगरीपाशी थोडं हसल्या,
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"काका, हिच्यावर शिक्का कुठाय?"

परत येताना पत्र्याच्या फटीतून आत गेलो.
विजापूरकडचा पोरगा फरशी बसवत होता.
ग्रॅनाइट. चकचकीत. काळं.
माझे जुने पायरीवरचे आकडे
त्याच्याखाली गेले असणार,
पस्तीस तर नक्कीच.
मागं त्याची पत्र्याची खोली,
दोरीवर बाळाची दुपटी.

"अण्णा," तो म्हणाला, "इथंवर येतंय काय पाणी?"

मी त्याच्या गुडघ्याशी हात धरला.
मग कमरेशी.
मग खांद्याशी. तो हसायला लागला.
मी टाचा उंच केल्या, हात आणखी वर नेला,
त्याच्या डोक्याच्याही वर, पोचेल तिथवर.

पोरगा हसायचा थांबला
आणि मागं दोरीकडं बघितलं.